जग फुटला

परीक्षा सोमवारी. आज बुधवार.
माहुलच्या शाळेत तिसऱ्या मजल्यावर
मी एकवीस तोंडांचे चंबू करून घेतेय:
डब्ल्यू म्हणजे मेणबत्ती विझवायची,
व्ही म्हणजे खालचा ओठ दातांत धरायचा,
आई ओरडत असताना हसू दाबतो तसा.
मुरुगेश दोन्ही एकदम करतो, थुंकी उडते,
पहिला बाक पुसून घ्यावा लागतो.

खिडकीतून रिफायनरीचा वास येतो.
'स्मेल' शिकवायला चित्र लागलं नाही.

मग 'द'.
बाई, 'द' म्हणजे काय?
म्हणजे आपल्या दोघांना ठाऊक असलेला.
आपल्यात काय म्हणतात त्याला?
काही नाही म्हणत. कावळा आला म्हटलं
की आपण खिडकीकडे बघतो
आणि तोच असतो.
नुसरतने वहीत लिहिलं: द म्हणजे खिडकीकडे बघणे.
मी खोडलं नाही.

सगळ्यात जड गेलं ते पाडणं.
आपल्याकडे ग्लास हातून पडतो,
डबा घरी राहतो, चावी हरवते,
कुणी काही करत नाही, होतं.
इंग्रजीत आधी स्वतःला उभं करायचं:
आय ड्रॉप्ड. आय ब्रोक. आय लॉस्ट.
दर्पणा तांडेल म्हणाली, बाई,
ही तर पोलीस चौकीतली भाषा.
तिच्या बापाची होडी गणपतीपासून पडून आहे.
ते वाक्य मी तिला करायला दिलं नाही.

सोमवारी टॅबलेट घेऊन मॅडम आल्या.
घसा बसलेला, तरी सगळ्यांशी गोड बोलत होत्या.
पाच प्राण्यांची नावं सांग.
दर्पणाला पन्नास येतात,
निवट्या, चिंबोऱ्या, खुबे, कालवं,
सगळे खाडीच्या चिखलातले.
शीप, म्हणाली. शीप. मग काऊ. मग परत शीप.

मग चित्र. काचेचा जग, तुकडे, पाणी,
भिंतीला चिकटून उभा एक मुलगा.
व्हॉट हॅपन्ड?
तीस सेकंद. आकडे उलटे पळायला लागले.
मी दारात, बोलायची मनाई,
नुसते ओठ मिटून उघडत होते, बी, बी,
बॉय, बाळा, बॉय ब्रोक.
दर्पणा त्या मुलाकडे बघत राहिली,
जणू त्याची आई आत भाकऱ्या थापतेय
आणि आता बाहेर येईल.
बाविसाव्या सेकंदाला म्हणाली, जग ब्रोक.
हू ब्रोक द जग?
जग ब्रोक. बॉय इज देअर.
आणि कुणी विचारलं नसताना,
वेळ संपल्यावर:
बॉय नो चप्पल. गिव्ह चप्पल.

मी तेव्हा पाहिलं. खरंच, अनवाणी होता.
चार वर्षं तेच चित्र वापरतेय मी सरावाला.

कर्ता नाही, मॅडमनी टिपलं. पातळी दोन.
बरोबरच आहे. नियम त्यांनी केलेला नाही,
नियमसुद्धा कुणी करत नाही, होतो.

जिन्यात मुरुगेश वाट बघत होता.
काय गं, जग फुटलं?
फुटला, मी म्हटलं, तो जग फुटला.
फुटलं म्हणजे सगळंच.
दर्पणा हसली नाही.
बाई, पास?
थोडे मार्क गेले.
कुणी घेतले?
गेले गं.

रात्री अहवाल भरायचा होता.
शेवटचा रकाना: कमी गुणांचं कारण,
इंग्रजीत, पूर्ण वाक्यात, सोडता येत नाही.
मी 'आय' एवढं लिहिलं.
रकान्याच्या कडेला चिकटून
एकटंच उभं राहिलं ते अक्षर,
पायात काही नसलेलं.
मागे गॅसवर दूध उतू गेलं.